चाळीस मायक्रॉनची इभ्रत

गाडी घ्यायला गेलेला मराठी माणूस शोरूममध्ये काय काय विचारत नाही! मायलेज विचारतो, पहिलं सर्व्हिसिंग कधी ते विचारतो, डिकीत लग्नाला निघालेल्या चार माणसांच्या बॅगा मावतील का ते विचारतो. फुटमॅट, मडफ्लॅप आणि डॅशबोर्डवरचा गणपती फुकटात पदरात पडावा म्हणून अर्धा तास घासाघीस करतो. रंगाची पाळी आली की मात्र ‘पांढराच द्या, ऊन कमी धरतो आणि विकताना बरा पडतो’ एवढं बोलून विषय मिटवतो. ज्या रंगाकडे बघून शेजारी जळावा अशी इच्छा असते, त्या रंगाची जाडी किती, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

विचारलं नाही तरी सांगतो. कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. पहिला गंज रोखणारा, दुसरा प्रायमर, तिसरा खरा रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. चौघे मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला येतात चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या सरासरी केसाइतकीही जाडी नाही. (ज्या वाचकांकडे केस उरलेले नाहीत त्यांनी शेजाऱ्याचा धरावा.) गाडीची सगळी झळाळी या चाळीस मायक्रॉनमध्ये असते. किंमत लाखात, कर्ज सात वर्षांचं आणि इभ्रत चाळीस मायक्रॉनची.

या इभ्रतीचे शत्रू कोण, असं विचारलं तर लोक ऊन, पाऊस, कबुतरं, रिक्षा आणि सोसायटीतली क्रिकेट खेळणारी मुलं अशी यादी देतात. यादी बरोबर आहे, फक्त पहिला नंबर राहिला. पहिला नंबर मालकाचा. क्लिअर कोट मारायला उन्हाला वर्षं लागतात. मालक रोज सकाळी साडेसहाला खाली उतरतो.

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे गृहस्थ दिसतात. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले, कानटोपी घातलेले, हातात पिवळं फडकं. फडकं कोरडं, गाडीवर रात्रभर बसलेली धूळही कोरडी. समोरच बांधकाम चालू असतं, कारण पुण्यात समोर बांधकाम चालू नाही अशी सोसायटीच नाही. त्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या पट्टीवर त्याचा नंबर सातवा, आणि दहाव्या नंबरावर हिरा बसलेला. काचेवर चरा काढू शकणारे हे कण फडक्याखाली दाबून काका बोनेटवर प्रेमाने हात फिरवतात. नंतर दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून, ‘बघा!’ म्हणतात.

बघायचं असेल तर दुपारी बघावं. उन्हात अशा गाडीच्या बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांचं गोल जाळं दिसतं. जाणकार त्याला स्वर्ल मार्क्स म्हणतात. गंमत अशी की हे ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना सरळ गेलेले असतात, पण उजेडाच्या ठिपक्याला जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. तेव्हा ‘मी गोल पुसतच नाही, मी सरळ रेषेत पुसतो’ हा काकांचा बचाव टिकत नाही. ‘अहो, रोज पुसतो म्हणून तर गाडी अशी आहे,’ असंही ते वर सांगतात. हे अक्षरशः खरं आहे.

ज्यांना साडेसहाला उठवत नाही, ते महिन्याच्या बोलीवर गाडी पुसणारा ठेवतात. त्याच्याकडे एक बादली, एक फडकं आणि चाळीस गाड्या. ए विंगपाशी बादलीत पाणी असतं. डी विंगपर्यंत पोचेस्तोवर त्यात चारही विंगांची माती एकत्र झालेली असते. सोसायटीच्या वार्षिक सभेत जी एकी कधी दिसली नाही ती त्या बादलीत दिसते. यात त्या बिचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला आपण त्याला जे देतो त्यात आपल्या घरच्यांचा एका वेळचा बाहेरचा डोसाही होत नाही, शिवाय पार्किंगच्या नळाची तोटी सेक्रेटरींनी कधीच काढून घरी नेऊन ठेवलेली असते. शहाण्या माणसाने त्याला पगार तेवढाच द्यावा आणि हात जोडून सांगावं, ‘भाऊ, काचा पुस, चाकं पुस, पण पत्र्याला हात लावू नकोस.’ तो आपल्याकडे संशयाने बघतो. कमी काम सांगून पूर्ण पैसे देणारा माणूस त्याने सोसायटीत याआधी पाहिलेला नसतो.

वर्षातून एकदा या रोजच्या प्रेमात भक्तीची भर पडते. दसऱ्याच्या सकाळी गाडीची आंघोळ होते आणि ओल्या कुंकवाने बोनेटवर स्वस्तिक उमटतं. घरातल्या ज्येष्ठांनी ते अंगठीच्या बोटाने काढायचं असतं, आणि अंगठी काढून ठेवायची नसते. वर हळद, वर अक्षता. झेंडूचं तोरण तारेत ओवलेलं असतं, कारण दोरा तुटतो, आणि तारेचं टोक पुढचे तीन दिवस वाऱ्यावर बोनेटला ओवाळत राहतं. ही पूजा बंद करा असं म्हणणारा मी कोण? तोरण दोऱ्यात ओवून पुढच्या जाळीला बांधावं, स्वस्तिक नंबर प्लेटच्या वरच्या पट्टीवर छोटंसं काढावं आणि संध्याकाळी भरपूर पाणी ओतून ते धुवावं. वाळलेलं कुंकू नखाने खरवडलं तर देव रागावत नाही, पण क्लिअर कोट रागावतो.

यानंतर येतात घरगुती उपाय. हे सगळेच चुकीचे असते तर बरं झालं असतं. त्यातले निम्मे खरे आहेत, हीच पंचाईत आहे.

ओरखड्याला टूथपेस्ट लावतात. टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक खरखरीत पूड असते, तेव्हा अगदी फिका ओरखडा तिने बुजल्यासारखा दिसतो, हे खरं. पण ती पूड दातांसाठी मोजलेली असते, गाडीसाठी नाही, आणि मिंटचा वास क्लिअर कोटला लागत नाही. डांबराच्या डागावर रॉकेल लावतात. गणपतीच्या तोंडावर रस्त्यांची डागडुजी निघाली की प्रत्येक गाडीच्या दाराखाली काळे ठिपके पडतात, आणि रॉकेलने ते निघतातही. त्यांच्याबरोबर वॅक्सचा थरही निघतो, हे कुणी सांगत नाही. खोबरेल तेलाने डिंक आणि डांबर मऊ पडतं, गाडी तासभर चमकते, मग सिंहगड रोडवरची सगळी धूळ तिच्याकडे ओढली जाते. भांड्यांच्या साबणाने गाडी इतकी स्वच्छ होते की तिच्यावर काही उरतच नाही, वॅक्सही नाही. आणि कापूर, चिंच, ताक, कोरफड यांची शिफारस करणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नसते.

एक उपाय मात्र मनापासून घ्यावा. बोअरचं पाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि गाडी उन्हात धुतली की पाणी उडून जातं, क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात. त्यांवर व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात मिसळून हलकेच लावलं, मिनिटभर ठेवलं आणि धुऊन टाकलं तर ताजे ठिपके विरघळतात. डाग जुना असेल तर तो वर नाही, क्लिअर कोटच्या आत गेलेला असतो. मग व्हिनेगर फक्त कोशिंबिरीच्या उपयोगाचं.

कबुतरांचा विषय निघाल्याशिवाय सोसायटीवरचा कुठलाही लेख पूर्ण होत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पुण्य मिळावं म्हणून त्यांना ज्वारी घालतात आणि त्या पुण्याचा उरलेला भाग खाली आपल्या टपावर पडतो. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. दुपारच्या उन्हात पत्रा तापला की ते क्लिअर कोटमध्ये कोरलं जातं. यावर बहुतेक जण वाळलेली शीट कोरड्या कागदाने खसाखसा घासतात आणि त्या आम्लाला कणांची जोड देतात. त्यापेक्षा ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं नुसतं ठेवावं, मग उचलून घ्यावं. कबुतर टाळायचं म्हणून झाडाखाली गाडी लावावी, तर झाडावर कावळे असतात आणि खाली चिकट थेंब पडतात. झाड टाळायचं म्हणून उन्हात लावावी, तर आत बसल्यावर आपलाच क्लिअर कोट जातो.

एवढं सगळं कळल्यावर माणूस ‘आपणच घरी नीट करू’ असं ठरवतो आणि मोबाइलवर खरेदीला बसतो. इथे त्याला समजतं की गाडी धुणं हा आता उद्योग नसून शास्त्र आहे. स्नो फोम, आयर्न रिमूव्हर, टार रिमूव्हर, ऑल पर्पज क्लीनर, क्विक डिटेलर, ग्लेझ, सीलंट, टॉपर. प्रत्येक बाटलीखाली ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं लिहिलेलं असतं, आणि आपणही तेही घेतो. खोकी आल्यावर घरात चौकशी बसते. मेग्वायर्स हे या धंद्यातलं मोठं नाव. ते आता थ्रीएमच्या मालकीचं आहे, पण १९०१ मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात झाली ती लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून. ही माहिती बायकोच्या कानावर जाऊ देऊ नये. ‘मग आपल्या सागवानी कपाटाला कधी लावताय?’ या प्रश्नाला जगात कुठल्याही डिटेलरकडे उत्तर नाही.

खरं तर धुण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी एका पिशवीत मावतात. साधा, पीएच सातच्या आसपास असलेला कार शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि दोन बादल्या. या दोन बादल्यांवरून सोसायटीत जेवढा गैरसमज होतो तेवढा भिशीवरूनही होत नाही. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक दार वरून खाली धुवायचं, मग तो साध्या पाण्यात खळबळून वाळू खाली सोडायची आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूत घालायचा. दुसरी बादली गाडीसाठी नाही, हातमोज्यासाठी आहे. हे सेक्रेटरींना पटत नाही. ‘टँकरच्या पाण्याला पैसे पडतात, आणि तुम्ही एका गाडीला दोन बादल्या?’ असं ते विचारतात. त्यांची स्वतःची गाडी त्या वेळी मागच्या बाजूला बागेच्या पाइपने धुतली जात असते, आणि पाइप त्याच दोन बादल्या दोन-तीन मिनिटांत ओतून मोकळा होतो.

सेक्रेटरींशी सामना नको असेल तर रिन्सलेस वॉश नावाचा प्रकार आहे, आणि पाणीकपातीच्या आपल्या शहरांना तो खास शोभतो. सात-आठ लिटर पाण्यात दोन-तीन झाकणं घालायची, त्यातले पॉलिमर धुळीच्या कणाला वेढून गुळगुळीत करतात, फडक्याने तो कण उचलला जातो आणि नंतर धुवायची गरज नाही. अर्थात हे शहरातल्या धुळीपुरतं. वरंधा घाटातून पावसात आलेल्या चिखलाला आधी भरपूर पाणीच लागतं.

पुसायला मायक्रोफायबरचा जाड टॉवेल घ्यावा. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या वजनात मोजतात. त्याचं लेबल कापून टाकावं, कारण त्या लेबलच्या कडेने जेवढे ओरखडे पडतात तेवढे टॉवेलने वाचवलेले नसतात. तो सुती कपड्यांबरोबर धुऊ नये, नाहीतर त्यांची सुतं त्यात अडकतात. त्याला कपडे मऊ करणारं द्रव्य लावू नये, त्याने तो पाणीच शोषेनासा होतो. आणि मुख्य म्हणजे तो घरात दिसेल असा ठेवू नये. चांगल्या मायक्रोफायबरचं आयुष्य गाडीवर संपत नाही. ते ओट्यावर संपतं. फोडणीचे शिंतोडे पुसून झाल्यावर तो पुन्हा नेमका गाडीच्या पिशवीत परत येतो, आणि मग दुसऱ्या दिवशी बोनेटला मोहरी लागते.

गाडी धुतली, पुसली. आता एक छोटा प्रयोग करा. हात एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बोनेटवरून अलगद फिरवा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा बोटांना खरखरीत लागतो. ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड आणि शेजारच्या ग्रिल रंगवताना उडालेले ऑइल पेंटचे तुषार तिथे रुतून बसलेले असतात. त्यांवर क्ले बार नावाची चिकणमातीची वडी मिळते. ती कणकेसारखी मळत, साबणाच्या फवाऱ्यावरून हलक्या हाताने फिरवायची. वडी खाली पडली तर उचलायची नाही, फेकायची. हा नियम मराठी घरात पाळला जाणं अवघड आहे. ‘अहो, वरचं थोडं काढून टाकलं की झालं,’ असं कुणीतरी म्हणतंच.

इथवर आलेला माणूस सहसा थांबतो. जो थांबत नाही, तो पॉलिशिंगमध्ये शिरतो आणि त्याच्या पार्किंगच्या जागेत एक्स्टेन्शन बोर्ड येतो.

गॅरेजवाले याला ‘रबिंग’ म्हणतात आणि ते नाव प्रामाणिक आहे. पॉलिश ओरखडा भरत नाही. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून त्याच्या तळापर्यंत आणतं. जमिनीची पातळी खाली आली की खड्डा दिसत नाही, हा उपाय महापालिकेला अजून सुचलेला नाही एवढंच. पण चाळीसातले दोन-तीन मायक्रॉन एका वेळी गेले तर ही चैन किती वेळा करायची, हा हिशेब बँकेतल्या काकांनाही जमेल. म्हणून नियम असा की आधी बोटाचं नख ओरखड्यावरून आडवं फिरवावं. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, त्याला पॉलिशने हात लावू नये. नाही अडकलं तर सगळ्यात सौम्य पॉलिशने एका कोपऱ्यात, वीतभर जागेत करून बघावं. पुरलं तर तेच सगळीकडे. नाही पुरलं तरच पुढची पायरी.

यंत्रही डीए, म्हणजे ड्युअल अॅक्शन घ्यावं. त्याची चकती स्वतःभोवती फिरते आणि शिवाय डगमगत फिरते, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. रोटरी यंत्र नुसतं गरगरा फिरतं आणि नवशिक्याच्या हातात पडलं तर दाराच्या कडेवरचा रंग काही सेकंदांत जाळून टाकतं. याहून धाडसी मंडळी घरातल्या ड्रिलला फोमची चकती बसवतात. ज्या ड्रिलने गेल्या दिवाळीत भिंतीत फोटोसाठी भोक पाडलं आणि शेजाऱ्याच्या न्हाणीघराचा पाइप फोडला, तेच ड्रिल आता बोनेटवर येतं.

जुन्या फिअॅटवाल्यांना हे सगळं नाजूक वाटतं. ‘आम्ही दर दिवाळीला पॉलिश मारायचो, काही झालं नाही,’ असं ते म्हणतात. त्यांच्या त्या फिअॅटला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, क्लिअर कोट नव्हताच. वरचा थर म्हणजेच रंग. पॉलिश केलं की फडक्याला गाडीचा निळा रंग लागायचा, आणि मालक ते फडकं बायकोला दाखवून सांगायचे, ‘किती मळ निघाला बघ!’

आजकाल आयटीतल्या तरुणांकडे रंगाची जाडी मोजणारं मीटर असतं. पत्र्याला टेकवलं की मायक्रॉन दाखवतं. पॉलिश करण्याआधी किती थर शिल्लक आहे ते बघायचं, हा त्याचा सरळ उपयोग. पण रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये उघडलं की ‘आमचीही बघ रे जरा’ म्हणत रांग लागते. मुलगा निरागसपणे एकेक दार मोजत जातो. ‘एकशे वीस, एकशे पंधरा, काका, एकदम ओरिजनल... अरे, डावं दार चारशे ऐंशी?’ पार्किंगमध्ये शांतता पसरते. चारशे ऐंशी म्हणजे दार ठोकून, पुट्टी भरून, पुन्हा रंगवलेलं. आणि ‘एकहाती वापरलेली, एकदाही ठोकलेली नाही’ म्हणून काकांनी ती गेल्याच महिन्यात आपल्या व्याह्यांकडून घेतलेली असते. यंत्राने रंगाची जाडी मोजली, नात्याची पातळ झाली.

आता राहिलं संरक्षण, आणि इथे खिशाचा क्लिअर कोट झिजतो. सगळ्यात साधं कार्नोबा वॅक्स. ब्राझीलच्या ईशान्येकडे एक ताडाची जात आहे, तिच्या पानांवरून हे मेण झडून येतं. ब्याऐंशी ते शहाऐंशी अंशांना वितळतं, म्हणून पुण्याच्या मे महिन्यातही टपावर थोडं तग धरतं. हेच मेण औषधांच्या गोळ्यांवर आणि चॉकलेटच्या गोळ्यांवर चमक यावी म्हणून लावतात. थोडक्यात, गाडी आणि आपलं पोट यांना एकच कोटिंग आहे, आणि दोन्हीकडे ते फार काळ टिकत नाही. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. त्याहून जरा टिकाऊ ते कृत्रिम पॉलिमरचं सीलंट.

शोरूममध्ये मात्र वॅक्सचं नाव कुणी काढत नाही. तिथे गाडीच्या बिलाखाली ‘टेफ्लॉन कोटिंग’ असं लिहिलेलं असतं आणि गाडीच्या आनंदात त्यावर सही होते. डोशाच्या तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांवरची भट्टी लागते. सर्व्हिस सेंटरमध्ये ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फडक्याने बसतं. त्यापुढची पायरी सिरॅमिक कोटिंग, ज्याचा आकडा पाच अंकी असतो. ते खरोखर काही वर्षं टिकतं, पाणी मोत्यांसारखं घरंगळवतं, मळ कमी धरतं. पण विक्रेता ‘नाइन एच, सर, हिऱ्याच्या खालोखाल!’ असं म्हणाला की हसू आवरावं. नाइन एच हा पेन्सिलीचा नंबर आहे. त्या प्रतीची पेन्सिल त्या थरावर ओरखडा काढत नाही, एवढाच अर्थ. तुमच्या गाडीला धोका चित्रकलेच्या शिक्षकांकडून असेल तर कोटिंग घ्या. किल्लीने ‘राहुल’ असं कोरणाऱ्या मुलाला ते अडवत नाही.

सिरॅमिक घरी लावायचं तर तो शुद्धीचा मामला. आधी धुणं, क्ले, पॉलिश, मग अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढणं, मग दोन-दोन फुटांच्या भागात थेंब लावून वेळेत पुसणं. उशीर झाला की तिथे काळपट डाग घट्ट बसतो, आणि तो काढायला पुन्हा पॉलिश. त्यानंतर एक दिवस गाडीवर पाणी, धूळ, कबूतर काहीही पडता कामा नये. ज्या पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत, तिथे असा एक दिवस निघाला तर त्या माणसाने लॉटरीचं तिकीट काढावं.

सगळ्यावर कडी म्हणजे पीपीएफ, पॉलियुरेथेनचा पारदर्शक कागद, जो गाडीभर डकवतात. त्याची मुळं व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांपर्यंत जातात. वाळू आणि खडे लागून ती पाती खराब होऊ नयेत म्हणून हा कागद आला. आज तो जंगली महाराज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीवर लागतो, आणि आकडा सहा अंकी होऊ शकतो. हेलिकॉप्टरला शत्रूचा प्रदेश होता. आपल्याला दुचाकींचे आरसे आहेत. तेव्हा तो खर्च अगदीच वेडेपणाचा म्हणवत नाही.

एवढ्या सगळ्यातून निवड काय करायची, ते सांगतो. दोन बादल्या, मायक्रोफायबरचा एक हातमोजा, साधा कार शाम्पू किंवा रिन्सलेसची बाटली, तीन-चार चांगले टॉवेल आणि एक वॅक्स किंवा सीलंट. धुणं सावलीत, पत्रा थंड असताना, वरून खाली. चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. क्ले वर्षातून एखाद वेळा, पॉलिश त्याहून कमी आणि ड्रिलने कधीच नाही. बाकीच्या बाटल्या हौसेच्या आहेत. हौसेला मोल नसतं, पण फडताळात जागा लागते.

आणि या सगळ्याहून मोलाची गोष्ट फुकट आहे. गाडीवर धूळ बसली असेल तर बसू द्या. नुसती बसलेली धूळ रंगाचं काही वाकडं करत नाही, तिला घासणारा हात करतो. रविवारी नीट धुवा आणि उरलेले सहा दिवस गाडीकडे मळकट नजरेने बघायची सवय लावा. तरीही सकाळी साडेसहाला हात शिवशिवायला लागले, तर पिवळं फडकं घेऊन घरातले पंखे पुसा. त्यांच्यावर पडलेला ओरखडा खालून दिसत नाही.